सिंगापूरचा युनिव्हर्सल स्टुडिओ, एकच दिवस आणि घरची सहा माणसं: आधी उंची मोजा, मग तिकिटं काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून सहा जण दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला निघालात. तुम्ही दोघं, ६८ वर्षांचे सासरे, ६५ वर्षांच्या सासूबाई, ११ वर्षांचा मुलगा आणि ५ वर्षांची मुलगी. मुक्काम लिटिल इंडियात आहे. सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओसाठी एकच दिवस आहे, आणि असा पार्क घरात कोणीच कधी पाहिलेला नाही. कोणत्या राइड्स घ्याव्यात, एक्स्प्रेस पास काढावा का, आणि सासू-सासऱ्यांना न्यावं की नको, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली १९ वर्षं कुटुंबांच्या सहली नेते आणि या पार्कात किती वेळा गेले त्याची मोजदाद आता राहिलेली नाही. त्या अनुभवावरून सांगते, 'कोणत्या राइड्स घ्याव्यात' हा प्रश्न शेवटी विचारायचा. अनोळखी पार्कात दिवस फसतो तो चांगली राइड राहून गेली म्हणून नाही. कोण काय करू शकतं हे घरी ठरलेलं नसतं, मग भर उन्हात चौकात उभं राहून सहा जण नकाशावर वाद घालतात, आणि दिवस तिथे जातो. म्हणून आधी आपली माणसं बघायची, मग घड्याळ, मग आभाळ. राइड्सचा नंबर त्यानंतर.

आज संध्याकाळीच एक काम करा. मुलीला भिंतीला टेकवून उभं करा, पायात फक्त मोजे, डोक्यावर पुस्तक आडवं धरा आणि पेन्सिलीने खूण करा. मुलाचीही उंची घ्या. या पार्कात वय कोणी विचारत नाही, राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. ट्रान्सफॉर्मर्सला १०२ सेंटीमीटर लागतात, ज्युरासिक पार्कच्या गोल तराफ्याला १०७, ममीच्या अंधारातल्या रोलर कोस्टरला १२२ आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिका या जोड-कोस्टरला १२५. मुलगा बहुधा सगळीकडे चालेल. पण ५ वर्षांची मुलगी नेमकी १०२ ते १०७च्या आसपास असते, आणि तिथेच घोळ होतो. लहान मुलांना १०२ला प्रवेश मिळतो तेव्हाही सोबत मोठं माणूस लागतंच. जायच्या आठवड्यात पार्कच्या ॲपवर हे आकडे पुन्हा एकदा बघून घ्या.

हे इतकं ठासून सांगायचं कारण एक प्रसंग आहे. माझ्या ग्रुपमध्ये कराडचं एक कुटुंब होतं. मुलीची उंची शाळेच्या प्रगतिपुस्तकात १०३ लिहिली होती, ती बहुतेक बुटांसकट घेतलेली. चाळीस मिनिटं रांगेत उभं राहिल्यावर दारातल्या कर्मचारी मुलीने पट्टी लावली. केसांचा बो काढला, बूट काढले, आणि डोकं रेघेच्या बोटभर खाली राहिलं. पोरगी ओठ दुमडून उभी. बापाने हुज्जत घातली, पण त्याचा उपयोग नसतो आणि नसावाच. सुरक्षेचा बार ज्या मापाच्या शरीरासाठी बनवलाय, ते माप पूर्ण असायलाच हवं. त्या मुलीला घरीच सांगितलं असतं, की हे तुझ्यासाठी पुढच्या वेळी आणि हे अमुक फक्त तुझं आहे, तर ती रडली नसती. तुमच्या मुलीला आधीच तिची स्वतःची यादी द्या: मिनियन लँड, किल्ल्याच्या 'फार फार अवे' भागातला लहान कोस्टर एन्चांटेड एअरवेज, बुटांतल्या मांजराची राइड, पार्कातल्या 'न्यूयॉर्क' भागातला स्पॅगेटी स्पेस चेस आणि 'इजिप्त' भागातल्या मुलांच्या जीपगाड्या. मुलांना 'नाही' ऐकायला तितकं जड जात नाही. दारापर्यंत नेऊन परत फिरवलं की मात्र फार लागतं.

आता मोठ्यांचं. मणक्याचा त्रास, मानेचा स्पॉन्डिलायटिस, रक्तदाब, हृदयाची शस्त्रक्रिया, गर्भारपण हे सगळं प्रत्येक दणदणीत राइडबाहेर फलकावर लिहिलेलं असतं. आपल्याकडचे आजोबा तो फलक वाचतात आणि नातवासमोर 'मला काही होत नाही' म्हणून पुढे जातात. सासऱ्यांच्या प्रकृतीबद्दल घरीच, शक्यतो त्यांच्या डॉक्टरांशी बोलून, स्पष्ट ठरवा. रांगेत नातू हात ओढत असताना ते ठरत नाही. ट्रान्सफॉर्मर्स वरवर साधी दिसते, कारण ती छताखाली आहे आणि उंचावर जात नाही. पण गाडी पडद्यांसमोर जोरजोरात हलते, आणि ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना तिथे हमखास मळमळतं. कसारा घाटात लिंबू हुंगत बसणारं कोणी घरात असेल तर त्यांनी ही राइड सोडून द्यावी.

तारीख कोणती घ्यायची याकडे लोक लक्षच देत नाहीत. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. तिथे सकाळी सात वाजता उठायचं म्हणजे शरीराच्या हिशेबाने पहाटे साडेचार. त्यात रात्रीचं विमान असेल तर झोपेचा पत्ता नाही. उतरलात त्याच दिवशी पार्क ठेवू नका. नाइट सफारीच्या दुसऱ्या दिवशीही नको, तिथून हॉटेलवर पोचायला मध्यरात्र होते. कितीतरी तयार कार्यक्रमांत ही जोडी लागोपाठ टाकलेली असते, कारण कागदावर ती छान दिसते. तुमचं बुकिंग करणाऱ्याला सांगून बदलून घ्या. तिसरा दिवस उत्तम.

दिवाळी तिथेही सार्वजनिक सुट्टी आहे, त्यामुळे नेमका तो दिवस टाळा. त्या दिवशी लिटिल इंडियातली रोषणाई बघा, तीच मजा मोठी आहे. शनिवार-रविवार टाळाच. तिथल्या शाळांची वर्षअखेरीची मोठी सुट्टी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लागते आणि डिसेंबरभर चालते, म्हणून दिवाळी लवकर असेल तर तुम्हाला मधला वार तुलनेने मोकळा मिळेल. एक गोष्ट मात्र तपासा. सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत काही ठरावीक रात्री तिथे हॅलोविनचा भुताटकीचा कार्यक्रम असतो, त्याचं तिकीट वेगळं. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांसाठी पार्क लवकर बंद होतो. पैसे तेवढेच आणि दिवस दोन-तीन तासांनी आखूड. तिकीट काढण्याआधी त्या तारखेची बंद होण्याची वेळ बघाच.

तिकीट तारखेचं असतं, आणि ज्येष्ठांचं, म्हणजे ६० आणि त्यापुढच्यांचं, कमी दराचं असतं. सासू-सासऱ्यांचं तेच काढा. एक्स्प्रेस पास ही दुसरी, वेगळी वस्तू आहे. तो आत जाण्याचा परवाना नाही, आत गेल्यावर लहान रांगेतून जाण्याची सोय आहे. एका कुटुंबाला त्यांच्या एजंटने चार एक्स्प्रेस पास विकले आणि प्रवेशाची तिकिटं वेगळी लागतात हे सांगितलंच नाही. ते सकाळी दारावर पोचले, कोड स्कॅन झाले आणि दार उघडलं नाही. तिथेच उभं राहून त्या दिवसाच्या भावात तिकिटं काढावी लागली. तेव्हा 'पास' हा शब्द ऐकून खूश होऊ नका, त्यात प्रवेश आहे का हे विचारा. साध्या एक्स्प्रेसवर प्रत्येक राइडला एकदाच लहान रांग मिळते. हवं तितक्या वेळा जायचा पास निराळा आणि महाग.

तुम्ही सहा एक्स्प्रेस काढू नका. सासू-सासरे ज्या गोष्टी करतील तिथे रांग फारशी नसते, आणि मुलीच्या निम्म्याअधिक राइड्स सकाळी लवकर उरकता येतात. मधल्या वारी गेलात तर कोणालाच लागणार नाही. शनिवारी किंवा सुट्टीच्या दिवशी जाणं भागच असेल तर तुमचे यजमान आणि मुलगा, फक्त दोघांसाठी काढा, कारण मोठ्या रांगा त्यांच्याच वाट्याला येणार आहेत. दर तारखेप्रमाणे बदलतो, म्हणून निर्णय तारखेनंतर.

रांगेचं गणित समजून घ्या, जगातल्या कुठल्याही पार्कात कामाला येईल. रांग किती लांब दिसते याला फारसा अर्थ नाही. ती किती वेगाने पुढे सरकते ते बघायचं. समजा एका गाडीत २० माणसं बसतात आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते, म्हणजे तासाला ४०० माणसं. तुमच्यापुढे २०० असतील तर अर्ध्या तासात नंबर लागतो. शेजारी एक छोटी राइड आहे, तिथे एका वेळी ४ जण बसतात आणि मिनिटाला एक गाडी निघते, म्हणजे तासाला २४०. तिथे पुढे फक्त १२० माणसं दिसतात, रांग निम्मी वाटते, पण वेळ तोच, अर्धा तास. लहान, गोंडस राइड्सची रांग अशी फसवते. ज्युरासिकच्या भागातली कॅनपी फ्लायर तशीच: मोजकी माणसं लटकत फिरून येतात आणि रांग हलता हलत नाही. मुलांच्या जीपगाड्यांचंही तेच. म्हणून कमी माणसं नेणाऱ्या राइड्स सकाळी आणि भरपूर माणसं नेणाऱ्या दुपारी, हा क्रम ठेवायचा.

बॅटलस्टारची गोष्ट याच गणिताची आहे. हे दोन कोस्टर समोरासमोरून जातात, सर्वांत उंच जागा ४२.५ मीटर, म्हणजे चांगली चौदा मजली इमारत. पार्क २०१० साली सुरू झाला, पण ही जोडी २०१३ ते २०१५ बंद होती, आणि परत उघडली तेव्हा एका ओळीत चार आसनांच्या जागी दोनच आसनांच्या गाड्या आल्या. आसनं कमी म्हणजे तासाला माणसं कमी, म्हणजे रांग जड. म्हणून तुमच्या यजमानांनी आणि मुलाने दार उघडल्याबरोबर तिकडेच जायचं. दोघांपैकी लाल बाजूची गाडी रुळांवर बसून जाते, ती उलटी होत नाही. निळ्या बाजूची रुळांखाली लटकते आणि उलटी होते. मुलगा पहिल्यांदाच जाणार, तर आधी लाल. ती उतरल्यावर त्याचा चेहरा बघा आणि मग निळीचं ठरवा. मी अनेक मुलांना उलट क्रमाने नेलेलं पाहिलंय. पहिल्याच फेरीत घाबरलेलं मूल मग दिवसभर कशातच बसत नाही. खिशात काहीही चालत नाही, मोबाइलसुद्धा नाही. जवळच लॉकर आहेत, ठरावीक वेळ फुकट आणि त्यानंतर पैसे पडतात. म्हणून दोघांनी जाताना मोबाइल, पाकीट, चष्म्याची केस सगळं तुमच्याकडे द्यायचं आणि रिकाम्या खिशांनी जायचं.

आता वाटा. पार्क एका तळ्याभोवती वसलेला आहे, सारा मिळून सुमारे ५० एकर, म्हणजे नवख्यालाही चुकायला होत नाही. दारातून आत आलं की छत असलेला हॉलिवूडचा रस्ता. तिथून उजवीकडे न्यूयॉर्क, साय-फाय सिटी, इजिप्त, मग ज्युरासिकचं लॉस्ट वर्ल्ड. डावीकडून गेलात तर मिनियन लँड आणि मग किल्ल्याचं फार फार अवे. या रचनेचा फायदा असा की तुम्ही दोन तुकड्या करून दोन्ही बाजूंनी निघू शकता आणि पलीकडे, किल्ला आणि डायनॉसॉर जिथे भिडतात तिथे, भेटू शकता.

पहिली तुकडी यजमान आणि मुलगा. हे उजवीकडून बॅटलस्टार, वेळ उरला तर ट्रान्सफॉर्मर्स, आणि इजिप्तमधून पुढे लॉस्ट वर्ल्ड. ममी यांनी मुद्दाम दुपारसाठी ठेवायची. दुसरी तुकडी तुम्ही, मुलगी आणि सासू-सासरे. हे थेट डावीकडे मिनियन लँडला. हा भाग २०२५ सालच्या फेब्रुवारीत मादागास्करच्या जागी उघडला. नवं आहे म्हणून अकरानंतर सगळा लोंढा तिकडेच वळतो, तुम्ही दहाला तिथे असायला हवं. मग एन्चांटेड एअरवेज आणि मांजराची राइड. साडेअकराला किल्ल्यासमोर सगळे एकत्र. ही भेटीची जागा आणि वेळ कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा, सासऱ्यांच्याही. परदेशात सगळ्यांचे मोबाइल सुरू असतीलच असं नाही, आणि मुलीच्या गळ्यातल्या ओळखपत्रामागे तुमचा तिथे चालणारा नंबर हवाच.

दारात फिरणारा मोठा निळा गोळा आहे. सकाळी सगळी गर्दी त्याच्यासमोर फोटो काढत असते. तुम्ही निघताना काढा, तो कुठे जात नाही. सकाळचा पाऊण तास दुपारच्या दोन तासांएवढा असतो, तो फोटोत घालवायचा नाही. पार्क साधारण दहाला उघडतो, तुम्ही सव्वानऊला दारावर असा. लिटिल इंडियातून हे सोपं आहे. जांभळ्या मार्गाची मेट्रो धरायची, हार्बरफ्रंट हे तिचं शेवटचं स्टेशन, कुठे बदलायचं नाही आणि चुकायची भीती नाही. वर व्हिवोसिटी मॉल आहे, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसाची छोटी गाडी सुटते, रिसॉर्ट्स वर्ल्डला उतरायचं. जाताना पैसे, येताना फुकट. चालत जायलाही छान रस्ता आहे, बराचसा छताखालून आणि मध्ये सरकते पट्टे, पण सासूबाईंची पावलं पार्कासाठी राखून ठेवा.

आता आभाळ. सिंगापूर विषुववृत्ताला अगदी खेटून आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी कडक ऊन आणि दुपारनंतर गडगडाटासह पाऊस, हा नेहमीचा प्रकार. आपल्याकडच्या वळवासारखा येतो आणि धो धो कोसळतो. पावसापेक्षा विजेचं महत्त्व जास्त. आसपास वीज चमकली की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात: बॅटलस्टार, कॅनपी फ्लायर, मुलांचा कोस्टर, तराफे. पैसे परत मिळत नाहीत आणि मिळावेत अशी अपेक्षाही ठेवू नका, तो तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणून उघड्यावरचं सगळं दुपारी दोनच्या आत आटपा आणि छताखालचं मागे ठेवा. ममी, ट्रान्सफॉर्मर्स, स्पॅगेटी आणि चक्रीवादळाचा देखावा दाखवणारा स्टुडिओ या सगळ्यांना पावसाचं काही नाही.

एक गोष्ट मी दरवेळी करते. पाऊस ओसरायला लागला, आभाळ उघडू लागलं, की छताखालून निघून लॉस्ट वर्ल्डच्या दिशेने चालायला लागायचं. बाकीचे अजून दुकानांत असतात. राइड पुन्हा सुरू होते तेव्हा पहिली वीस-पंचवीस मिनिटं रांग जवळजवळ नसते. आमच्या ग्रुपमधल्या मुलांनी अशा वेळी लागोपाठ तीनदा तराफा घेतलाय.

तराफ्यात भिजायला होतं, शिंतोडे नाही, पार पाठीपर्यंत. रेनकोट घरूनच न्या. पावसाळ्यात आपण वापरतो तोच पातळ चालतो. मुलीचा एक पूर्ण कपड्यांचा जोड, मोज्यांसकट, आणि मोबाइलसाठी झिपची पिशवी. नवे बूट अजिबात नकोत. सहलीसाठी म्हणून कोरे बूट घेतात आणि दुपारी टाचेला फोड येतो. सहा महिने पायात असलेलेच घाला.

जेवणाबद्दल एक युक्ती अडीच तासांच्या फरकातूनच सुचली. तिथे सगळे बारा ते दीडमध्ये जेवतात, तेव्हा काउंटर तुडुंब आणि राइड्सच्या रांगा जरा हलक्या. तुमच्या पोटाला मात्र तेव्हा सकाळचे दहा-साडेदहाच वाजलेले असतात. म्हणून सकाळी हॉटेलवर पोटभर खा आणि जेवण दोन-अडीचला ठेवा. भूकही लागलेली असते, टेबलही मिळतं, आणि बहुधा बाहेर पाऊस सुरू झालेला असतो. इजिप्तच्या भागात भारतीय धर्तीचं जेवण मिळत आलंय. ते चालू आहे का आणि शाकाहारी काय आहे हे आदल्या रात्री ॲपवर बघा, आणि काउंटरवर 'व्हेज' एवढंच न म्हणता मांस, मासे, अंडं काही नको असं एकेक करून सांगा. तिथे माशाचा रस्सा 'व्हेज'मध्ये सहज धरला जातो. बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत. सासऱ्यांना मधुमेह असेल तर गोळीच्या वेळेला लागणारं खाणं जवळ ठेवा आणि पिशवी तपासताना स्वतःहून सांगा, की हे औषधासोबतचं आहे. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, रिकाम्या बाटल्या घेऊन जा आणि भरत राहा. दर तासाला सगळ्यांनी पाणी प्यायचं, तहान लागो न लागो. नाशिकच्या कोरड्या हवेतून गेलेल्यांना तिथल्या दमट हवेत किती घाम गेला ते कळतच नाही.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही शेवटच्या ओळीत, जरा संकोचाने विचारलाय: सासू-सासऱ्यांना न्यावं का? न्यावं. मी इतकं ठाम सांगते कारण मी दोन्ही प्रकार पाहिलेत. त्यांना हॉटेलवर ठेवून गेलेल्या घरांत संध्याकाळी मुलं धावत येऊन सगळं सांगतात, आजी 'हो का' म्हणते आणि गोष्ट तिथेच थांबते. सोबत नेलेल्यांची गोष्ट वेगळी. इस्लामपूरच्या एक आजी होत्या, नऊवारीत, गुडघे दुखणाऱ्या. त्यांना आम्ही स्पॅगेटी स्पेस चेसमध्ये बसवलं. ती राइड संथ आहे, झोपाळ्यासारखी गाडी अंधारातल्या चांदण्यांतून सरकत जाते. पदर खोचून, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून बसल्या. बाहेर आल्यावर काही बोलल्या नाहीत, फक्त नातीला म्हणाल्या, 'परत जाऊ या का?' आणि परत गेल्या.

पण त्यांचा दिवस वेगळा आखा. त्यांनी सगळीकडे मागे मागे फिरायचं नाही. दहा ते साडेअकरा तुमच्याबरोबर मिनियन लँडमध्ये, बसायला जागा बघून. मग चक्रीवादळाचा स्टुडिओ, वॉटरवर्ल्डचा स्टंटचा खेळ आणि स्पॅगेटी, एवढं त्यांच्यासाठी भरगच्च आहे. वॉटरवर्ल्डची वेळ दारातच टिपून घ्या, त्या खेळाच्या वीस मिनिटं आधी जाऊन वरच्या ओळींत बसा. पुढच्या ओळी भिजण्यासाठीच आहेत, आणि ते पाणी चांगलं बादलीभर अंगावर येतं. गुडघे फार दुखत असतील तर व्हीलचेअर भाड्याने मिळते. सासूबाई नको म्हणतील. 'गर्दीत मुलीला कुठे बसवायचं, तिच्यासाठी घेऊ या' असं म्हणून घ्या, दुपारी दोघी आळीपाळीने बसतील. तीननंतर त्यांना परतावंसं वाटलं तर एकाने सोबत जाऊन मेट्रोत बसवून देण्यात काही कमीपणा नाही. शेजारीच मोठं मत्स्यालय आहे, पण त्याच दिवशी तेही करायच्या मोहात पडू नका.

तुम्हालाही ममीत बसायचं असेल, आणि बसावं, कारण ती या पार्कातली सर्वांत नीट रचलेली राइड आहे. अंधारात पुढे जाता जाता अचानक गाडी मागे धावायला लागते. एक मोठं माणूस मुलीजवळ थांबतं, दुसरं जाऊन येतं, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही अशी सोय पार्कांमध्ये असते. ती फलकावर ठळक लिहिलेली नसते, रांगेत शिरण्याआधी दारातल्या कर्मचाऱ्याला विचारायची. मुलगा दोन्ही वेळा कोणाबरोबर तरी जाऊ शकला तर त्याच्यासाठी ती दिवसाची सगळ्यात मोठी मिळकत.

जमलं तर निघण्याआधी एखादा रविवार सोडून मधल्या वारी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन या. तोही २०१३ पासून आहे आणि नायट्रोसारखा तगडा कोस्टर तिथे आहे. परक्या देशात पैसे मोजून जे कळतं ते इथे आधी कळतं: मुलगा उलटा व्हायला तयार आहे का, मुलगी अंधाराला घाबरते का, सासरे किती तास उभे राहू शकतात, आणि दुपारी चारला तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण चिडतं. शेवटचं हे सर्वांत उपयोगी. त्या माणसाच्या हातात तीन वाजता काहीतरी गोड आणि थंड द्या.

जायच्या आठवड्यात कोणत्या राइड्स दुरुस्तीसाठी बंद आहेत ते पार्कच्या साइटवर लिहिलेलं असतं, ते नक्की वाचा. मोठ्या राइड्स अधूनमधून बंद राहतात, आणि मुलाला महिनाभर जिचं स्वप्न दाखवलं तीच बंद निघाली तर त्याची समजूत तिथे उभं राहून घालता येत नाही.

मोजे घालून घेतलेल्या दोघांच्या उंच्या, तुमची तारीख आणि सासऱ्यांचे डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. वार कोणता आहे हे कळलं की एक्स्प्रेसबद्दल नक्की सांगते. तोपर्यंत तो काढू नका.